कार्ल लँडस्टायनर : रक्तातील भेद ओळखणारा शास्त्रज्ञ

नवी दिल्लीत रायसीना टेकडीच्या परिसरात लाल तोंडाच्या माकडांचा वावर ही नित्याची बाब आहे. कार्यालयाची खिडकी उघडी राहिली, तर फायलींपासून जेवणाच्या डब्यापर्यंत काहीही सुरक्षित राहत नाही, हे येथे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. पुण्या-कोकणाकडे दिसणाऱ्या टोपी माकडांपेक्षा ही जात निराळी आहे. उत्तर भारतात ती सर्वत्र आढळते. प्राणिशास्त्रात तिला ऱ्हीसस असे नाव आहे आणि त्या नावातील पहिली दोन रोमन अक्षरे आज देशातील गर्भवती महिलांच्या तपासणी कार्डावर रक्तगटाच्या रकान्यात लिहिली जातात. आरएच पॉझिटिव्ह किंवा आरएच निगेटिव्ह.

माकडाचे नाव माणसाच्या रक्ताला जोडणाऱ्या दोन शास्त्रज्ञांपैकी ज्येष्ठ होते कार्ल लँडस्टायनर. दरवर्षी १४ जून रोजी पाळला जाणारा जागतिक रक्तदाता दिन त्यांच्याच जन्मतारखेवरून निश्चित झाला. २००४ मध्ये तो प्रथम साजरा झाला आणि २००५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने त्याला वार्षिक दिनाचे स्वरूप दिले. ए, बी आणि ओ या रक्तगटांचे जनक म्हणून लँडस्टायनर यांचे नाव शालेय पाठ्यपुस्तकांतही येते. मात्र वयाच्या बहात्तराव्या वर्षी, निवृत्तीनंतर, त्यांच्या नावे जमा झालेल्या आरएच घटकाच्या शोधाचा उल्लेख त्यामानाने थोडक्यात होतो. वारंवार मृत बाळाला जन्म देणाऱ्या असंख्य स्त्रियांच्या दुःखाचे कारण समजण्याचा मार्ग मात्र याच शोधाने मोकळा झाला.

लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी व्हिएन्ना शहराजवळील बाडेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील लिओपोल्ड हे व्हिएन्नातील नामांकित पत्रकार आणि वृत्तपत्र प्रकाशक होते. कार्ल सहा-सात वर्षांचे असतानाच वडिलांचे निधन झाले आणि पुढे आई फॅनी यांनीच त्यांना वाढवले. आईवर त्यांचा विलक्षण जीव होता. आईच्या मृत्यूनंतर तिच्या चेहऱ्याचा साचा त्यांनी आपल्या खोलीच्या भिंतीवर लावला आणि देश व घरे बदलली, तरी तो अखेरपर्यंत जवळ ठेवला. १८९० मध्ये त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला. पत्रकाराचा हा मुलगा आयुष्यभर प्रसिद्धीपासून दूर राहिला, ही गोष्ट मात्र बातमीदारी करणाऱ्यांना थोडी बोचावी अशी आहे.

व्हिएन्ना विद्यापीठातून १८९१ मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर त्यांनी रुग्णालयात नोकरी धरण्याऐवजी रसायनशास्त्राकडे मोर्चा वळवला. वुर्झबर्ग येथे एमिल फिशर, म्युनिक येथे बांबर्गर आणि झुरिक येथे हांच अशा तीन ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांत त्यांनी काम केले. शरीरातील प्रत्येक प्रक्रियेमागे रासायनिक रचना असते, ही त्यांची धारणा तेथे पक्की झाली. १८९६ मध्ये ते व्हिएन्नातील आरोग्यविज्ञान संस्थेत मॅक्स फॉन ग्रुबर यांचे सहायक झाले आणि दोन वर्षांनी विकृतिशास्त्र विभागात रुजू झाले. तेथील सुमारे दहा वर्षांत त्यांनी ३,६३९ शवविच्छेदने केल्याची नोंद आहे. दिवसा शवागारात आणि उरलेल्या वेळेत रक्ताच्या नळ्यांसमोर, असा त्यांचा दिनक्रम होता.

त्या काळी एका माणसाचे रक्त दुसऱ्याला देणे हा जवळपास जुगार होता. लंडनमधील प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ पासून बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने दगावणाऱ्या महिलांना माणसाचे रक्त देण्याचे प्रयत्न केले होते. काही महिला वाचल्या, काही दगावल्या. असे का होते, याचे उत्तर पुढील ८० वर्षे कोणाकडेही नव्हते. एका माणसाच्या रक्तजलात दुसऱ्याच्या तांबड्या पेशी मिसळल्या की कधी कधी त्या एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात, हे काहींच्या पाहण्यात आले होते. परंतु तो आजाराचा परिणाम असावा, असे मानले जात होते.

लँडस्टायनर यांनी १९०० मध्ये एका लेखाच्या तळटीपेत, निरोगी माणसांच्या रक्तातही असे घडते, असे नमूद केले. पुढील वर्षी त्यांनी स्वतःचे आणि प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे रक्त घेऊन प्रत्येकाच्या पेशी प्रत्येकाच्या रक्तजलाशी पडताळून पाहिल्या. प्रयोग अगदी साधा होता. पुंजके कोठे होतात आणि कोठे होत नाहीत, याचा तक्ता मांडताच माणसांचे तीन गट स्पष्ट दिसले. त्यांनी त्यांना ए, बी आणि सी अशी नावे दिली. यातील सी गट पुढे ओ म्हणून ओळखला जाऊ लागला. चौथा, म्हणजे एबी गट १९०२ मध्ये डीकास्टेलो आणि स्टुर्ली या त्यांच्या सहकाऱ्यांना आढळला. १९०१ च्या या लेखाची वैद्यकीय जगताने लगेच दखल घेतली, असे मात्र झाले नाही. रक्त देण्यापूर्वी दोघांचे रक्त जुळवून पाहण्याची पद्धत काही वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये रूबेन ऑटेनबर्ग यांनी सुरू केली आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तिचा प्रसार झाला.

याच महायुद्धात या शोधाचा भारतीयांशी पहिला मोठा संबंध आला. ग्रीसमधील सालोनिका येथील आघाडीवर लुडविक आणि हान्का हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने विविध देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. त्यात ब्रिटिश सैन्यातील भारतीय जवानही होते. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात बी गटाचे प्रमाण भारतीयांत सर्वाधिक असल्याचे दिसून आले. पुढे १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांनी ओ गटासारख्या दिसणाऱ्या, परंतु ओ गटाचेही रक्त न चालणाऱ्या एका दुर्मीळ रक्तगटाची नोंद ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या साहाय्याने केली. तो आज जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे बदललेले नाही.

लँडस्टायनर यांनी केवळ रक्तगटांवर काम केले, असे नाही. १९०८ मध्ये एर्विन पॉपर यांच्यासमवेत त्यांनी पोलिओने दगावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूतील अंश माकडांना टोचून, हा आजार संसर्गजन्य असल्याचे दाखवून दिले. याच वर्षी ते व्हिएन्नातील विल्हेल्मिना रुग्णालयात विकृतितज्ज्ञ झाले. १९१६ मध्ये त्यांचा हेलेन व्लास्टो यांच्याशी विवाह झाला आणि पुढील वर्षी त्यांना मुलगा झाला. महायुद्ध संपले, तेव्हा ऑस्ट्रिया पराभूत होता. व्हिएन्नात अन्नाची आणि सरपणाची टंचाई होती व संशोधनासाठी पैसा नव्हता. अखेर ते कुटुंबासह नेदरलँड्समधील हेग शहरात गेले. तेथील एका लहान कॅथलिक रुग्णालयात लघवी आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या करणे, हे पन्नाशी ओलांडलेल्या या शास्त्रज्ञाचे काम होते. त्याही स्थितीत त्यांचे शोधनिबंध प्रसिद्ध होत राहिले.

न्यूयॉर्कमधील रॉकफेलर संस्थेचे निमंत्रण आल्यावर १९२३ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि १९२९ मध्ये त्यांनी तेथील नागरिकत्व घेतले. १९२७ मध्ये फिलिप लेव्हिन या तरुण सहकाऱ्यासोबत त्यांनी एम, एन आणि पी हे आणखी रक्तघटक शोधले. १९३० मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तगटांच्या शोधाला हा सन्मान मिळण्यास ३० वर्षे लागली. लँडस्टायनर यांना स्वतःला प्रतिपिंडांच्या रसायनशास्त्रावरील आपले काम अधिक मोलाचे वाटे. ते उत्तम पियानो वाजवत, परंतु सभा-समारंभ टाळत. सहकाऱ्यांकडून ते कठोर काम करून घेत आणि स्वतः त्याहून अधिक करत.

यापुढील कथा एका स्त्रीपासून सुरू होते. तिचे नाव शोधनिबंधात दिलेले नाही.

तिचे वय २५ होते. न्यूयॉर्कमधील बेलव्ह्यू रुग्णालयात तिने मृत बाळाला जन्म दिला आणि तिला अतिरक्तस्राव होऊ लागला. तिचा गट ओ होता, पतीचाही ओ. लँडस्टायनर यांच्या नियमानुसार पतीचे रक्त तिला चालायला हवे होते. मात्र ते देताच तिला तीव्र थंडी वाजून वेदना सुरू झाल्या. फिलिप लेव्हिन तेव्हा रॉकफेलर संस्था सोडून अन्यत्र काम करत होते. त्यांनी तिचे रक्तजल तपासले, तेव्हा ते पतीच्याच नव्हे, तर ओ गटाच्या १०४ रक्तदात्यांपैकी ८० जणांच्या पेशींचे पुंजके करत असल्याचे आढळले. लेव्हिन आणि रूफस स्टेट्सन यांनी १९३९ मध्ये या प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध केला. पित्याकडून बाळात आलेला एखादा रक्तघटक आईच्या शरीराला परका वाटला असावा आणि तिने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली असावीत, असे अनुमान त्यांनी मांडले. ते अचूक होते. त्या घटकाला नाव देण्याचे मात्र त्यांच्याकडून राहून गेले.

लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर हे त्या सुमारास ऱ्हीसस माकडांच्या रक्ताचा अभ्यास करत होते. त्या काळी अमेरिकी प्रयोगशाळांत येणारी ऱ्हीसस माकडे प्रामुख्याने भारतातून जात. भारताने त्यांची निर्यात थांबवली, ती १९७८ मध्ये. या माकडाच्या पेशी सशाला टोचून मिळवलेले रक्तजल न्यूयॉर्कमधील सुमारे ८५ टक्के गोऱ्या लोकांच्या पेशींचे पुंजके करत होते, उरलेल्या १५ टक्क्यांच्या नाही. १९४० मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला आणि या घटकाला माकडाच्या नावावरून आरएच असे नाव दिले. लेव्हिन यांच्या रुग्ण स्त्रीच्या रक्तातील प्रतिपिंडेही अशाच प्रमाणात लोकांच्या पेशींवर क्रिया करत होती. शोधाचे श्रेय कोणाचे, यावरून लेव्हिन आणि वीनर यांच्यात सुरू झालेला वाद पुढे अनेक वर्षे धुमसत राहिला. तटस्थपणे पाहिल्यास, रोगाचा अर्थ लेव्हिन यांना आधी उमगला आणि घटकाची ओळख लँडस्टायनर-वीनर यांनी करून दिली, असे म्हणावे लागते.

लेव्हिन यांनी १९४१ मध्ये आणखी मातांची तपासणी केली. ज्यांची बाळे पोटातच सुजून दगावली किंवा जन्मतःच तीव्र काविळीने गेली, त्यांपैकी सुमारे ९० टक्के माता आरएच निगेटिव्ह निघाल्या. हा आजार नवा नव्हता. १६०९ मध्ये पॅरिसमधील सुईण लुईज बुर्ज्वा हिने अशाच जुळ्या बाळांचे वर्णन करून ठेवले आहे. आपल्याकडेही पहिले मूल सुखरूप आणि पुढची एकामागून एक दगावलेली, अशी घरे जुन्या पिढीला परिचित होती. अशा बाईला वांझोटीहून वाईट वागणूक मिळे. तिच्या कुशीला दोष दिला जाई, नवससायास होत, कधी नवऱ्याचे दुसरे लग्न लावले जाई. अशा सगळ्याच घरांमागे हे एकच कारण होते, असे नव्हे. पण जेथे होते, तेथे ते कळण्याचे साधन कोणाकडे नव्हते.

या आजाराची क्रिया थोडक्यात अशी आहे. आईच्या तांबड्या पेशींवर डी नावाचा आरएच घटक नसेल आणि बाळात तो पित्याकडून आला असेल, तर प्रसूतीच्या वेळी बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात शिरतात. आईचे शरीर त्यांना परके मानून प्रतिपिंडे तयार करते. त्यासाठी वेळ लागतो, म्हणून पहिल्या बाळाला सहसा धोका होत नाही. पुढच्या गर्भारपणात मात्र ही प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. पहिले गर्भारपण प्रसूतीपर्यंत पोहोचलेच पाहिजे, असेही नाही. गर्भपात, गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा, पोटावरील मार किंवा चुकीच्या गटाचे रक्त यांमुळेही शरीराला ही ओळख होऊ शकते.

लँडस्टायनर यांना या साऱ्याचा उपाय पाहता आला नाही. १९३९ मध्ये ते औपचारिकरीत्या निवृत्त झाले होते, परंतु प्रयोगशाळेत येणे त्यांनी थांबवले नव्हते. पत्नी हेलेन यांना कर्करोग झाल्यावर त्यांनी त्या रोगाचाही अभ्यास सुरू केला. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेत काम करत असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २६ जून रोजी वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस हेलेन यांनीही जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच लेव्हिन यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. आई आणि बाळ यांचे ए, बी, ओ गट परस्परांशी न जुळणारे असले, तर आरएचमुळे होणारा त्रास कमी दिसतो. आई ओ गटाची आणि बाळ ए गटाचे असेल, तर बाळाच्या ज्या पेशी आईच्या रक्तात शिरतात, त्यांना आईची नैसर्गिक प्रतिपिंडे लगेच नष्ट करतात. आरएच घटकाची ओळख होण्याआधीच त्या संपून जातात. लँडस्टायनर यांच्या १९०१ मधील शोधाने सांगितलेला भेद १९४० मधील शोधाने सांगितलेल्या संकटाला काही प्रमाणात अडवतो, असा याचा अर्थ होता. हेच काम इंजेक्शनने करता येईल का, या प्रश्नातून पुढचा उपाय निघाला.

तत्पूर्वी १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये कूम्ब्स, मॉरंट आणि रेस यांनी आईच्या रक्तातील प्रतिपिंडे ओळखण्याची चाचणी विकसित केली. आज भारतातील प्रयोगशाळांत आयसीटी या नावाने होणारी चाचणी ती हीच. बाळाचे रक्त काढून दुसरे रक्त देण्याची पद्धतही त्याच दशकात रूढ झाली. परंतु ही दोन्ही पावले प्रतिपिंडे तयार झाल्यानंतरची होती. ती तयारच होऊ न देण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकात लिव्हरपूलमध्ये सिरिल क्लार्क व रोनाल्ड फिन यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट फ्रेडा, जॉन गॉर्मन व विल्यम पोलॅक यांनी स्वतंत्रपणे केले. ज्यांच्या शरीरात आधीच प्रतिपिंडे आहेत, अशा दात्यांच्या रक्तातून ती वेगळी करून आरएच निगेटिव्ह मातेला टोचायची, हा तो उपाय. ही उसनी प्रतिपिंडे बाळाच्या पेशींचा निकाल लावतात आणि काही आठवड्यांत स्वतःही नाहीशी होतात. आईच्या शरीराला स्वतःची प्रतिपिंडे तयार करण्याची वेळच येत नाही.

न्यूयॉर्कच्या चमूने याची चाचणी सिंग सिंग कारागृहातील स्वयंसेवी कैद्यांवर केली. कैद्यांवरील प्रयोग आजच्या नीतिनियमांत बसणारे नाहीत. कारागृहात पुन्हा प्रवेश मिळण्यास तीन दिवस लागत, म्हणून पेशी टोचल्यानंतर ७२ तासांनी प्रतिपिंडे देण्यात आली आणि ती परिणामकारक ठरली, अशी हकीकत सांगितली जाते. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत इंजेक्शन, या जगभर पाठ झालेल्या नियमाचे मूळ तुरुंगाच्या वेळापत्रकात आहे. उशीर झाला, तरी दहा दिवसांपर्यंत ते देण्याचा सल्ला दिला जातो. काही ना काही संरक्षण मिळण्याची शक्यता त्यात असते. अमेरिकेत १९६८ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. अँटी-डी या नावाने ते आज सर्वत्र परिचित आहे. उपाय नसताना आरएच निगेटिव्ह मातांपैकी सुमारे १६ टक्क्यांत प्रतिपिंडे तयार होत. प्रसूतीनंतरच्या इंजेक्शनने हे प्रमाण एक ते दोन टक्क्यांवर आणि २८ व्या आठवड्यातील आणखी एका इंजेक्शनाने त्याहून बरेच खाली आले. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन यांनी याच औषधासाठी १,१७३ वेळा रक्तद्रव दिला. २०२५ मध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारतात आरएच निगेटिव्ह व्यक्तींचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, सुमारे पाच टक्के आहे. म्हणजे साधारण २० महिलांमागे एक. प्रमाण कमी असले, तरी लोकसंख्येच्या मानाने ही संख्या कोटींत जाते. गर्भवतींच्या माता-बाल संरक्षण कार्डावर रक्तगटाची नोंद असते आणि २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीतही रक्तगट पाहिला जातो. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळंतपणात, विशेषतः ते रुग्णालयात झाले तर, ही गोष्ट सहसा सुटत नाही.

सुटते ती त्याआधी. गर्भधारणा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच संपते, तेव्हा पुष्कळदा कार्ड तयार झालेले नसते. दिल्लीसारख्या महानगरात आणि गुरुग्राम, नोएडा, गाझियाबादच्या वसाहतींत दूरवरून येऊन राहिलेल्या कुटुंबांतील महिला अशा वेळी घराजवळच्या दवाखान्यात जातात किंवा औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊन मोकळ्या होतात. रक्तगट कोणी विचारत नाही. घरात ही गोष्ट बोलली जात नाही आणि पुढच्या डॉक्टरांना सांगितलीही जात नाही. पुढील गर्भारपणात आयसीटी चाचणी पॉझिटिव्ह आली, तर मागे काय घडले होते, याचा शोध सुरू होतो. तेव्हा अँटी-डीचा उपयोग नसतो. प्रतिपिंडे एकदा तयार झाली की ती काढून टाकता येत नाहीत. अशा बाळाला गर्भाशयातच सुईने रक्त देण्याची सोय दिल्लीच्या एम्ससारख्या मोजक्या संस्थांत आहे. ती मोठ्या कौशल्याची आणि वारंवार करावी लागणारी उपाययोजना आहे.

लवकर झालेल्या गर्भपातानंतर हे इंजेक्शन खरोखर किती आवश्यक आहे, याविषयी अलीकडे मतभेद निर्माण झाले आहेत, हेही सांगितले पाहिजे. गर्भ अगदी लहान असताना त्याच्या रक्ताचे प्रमाणही अत्यल्प असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्या १२ आठवड्यांत गर्भपात झालेल्या सुमारे ५०० महिलांपैकी केवळ एकीच्या रक्तात गर्भपातानंतर गर्भाच्या पेशी ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक आढळल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शिकेत १२ आठवड्यांपूर्वीच्या गर्भपातात अँटी-डी देण्याची शिफारस केलेली नाही आणि अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये जवळपास तीच भूमिका घेतली. भारतात मात्र अनेक डॉक्टर अशा वेळी ५० मायक्रोग्रॅमची लहान मात्रा देणे पसंत करतात. येथे गर्भ नेमका किती आठवड्यांचा होता, हे पुष्कळदा सोनोग्राफीअभावी निश्चित नसते, हा त्यामागील एक व्यवहार्य विचार आहे. १२ आठवड्यांनंतरच्या गर्भपाताबाबत असा मतभेद नाही. तेथे इंजेक्शन द्यावेच, असे सर्व मानतात. निर्णय अर्थातच उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. तो घेता येण्यासाठी रक्तगट माहीत असणे आणि झालेल्या गर्भपाताची नोंद कागदावर असणे, एवढे तरी हवे. पती आरएच निगेटिव्ह असेल, तर हा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून त्याचीही तपासणी उपयोगी पडते. ती करून घेण्यास पुरुष का कचरतात, हे एक कोडेच आहे.

भाषांतराच्या कामात या विषयाशी गाठ पडते, तेव्हा निगेटिव्ह हा शब्द नेहमी अडतो. ऋण किंवा उणे लिहिले की वाचणाऱ्याला रक्तात काही कमी आहे, असे वाटते. नकारात्मक लिहिले की आणखीच विपरीत अर्थ होतो. एखादी चाचणी निगेटिव्ह येणे आणि रक्तगट निगेटिव्ह असणे यांत लोकांचा गोंधळ होतो, तो वेगळाच. आरएच निगेटिव्ह रक्तात अशक्तपणा नसतो, आजार नसतो आणि अशा मुलीच्या विवाहालाही कोणतीच बाधा नसते. म्हणून हा इंग्रजी शब्द तसाच ठेवणे बरे पडते.

नावाचा घोळ लँडस्टायनर यांच्या शोधातही झालाच होता. पुढील संशोधनात असे निष्पन्न झाले की, माकडाच्या रक्तापासून मिळवलेली प्रतिपिंडे आणि मातांच्या रक्तातील प्रतिपिंडे एकाच घटकाविरुद्ध नव्हती. दोन्ही घटक पेशीवर एकमेकांच्या निकट असतात, म्हणून ते एकच भासले. माणसातील ज्या घटकामुळे बाळे दगावत होती, त्याचा ऱ्हीसस माकडाशी थेट संबंधच नव्हता. तोपर्यंत आरएच हे नाव जगभरच्या रुग्णालयांत इतके रुळले होते की, ते बदलणे अशक्य झाले. माकडाशी खरोखर संबंध असलेल्या घटकाला मग एलडब्ल्यू असे नाव देण्यात आले. लँडस्टायनर आणि वीनर यांच्या नावांची ती आद्याक्षरे आहेत. हे नाव सुचवणारे शास्त्रज्ञ होते फिलिप लेव्हिन.